आतली कडी

आमचे आप्पा कुलपं-कड्यांचे कारागीर, त्यामुळे घरातल्या झाडून सगळ्या दारांना बाहेरून कड्या. गणितात मार्क कमी पडले की धाकट्या भावाची रवानगी अडगळीच्या खोलीत. तो आतून हाका मारायचा आणि आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरं अशीच सरळ होतात." भाऊ काही सरळ झाला नाही. तो पालकत्वाचं शिबिर करून आला.

तिथून त्याने एक ज्ञान आणलं: मुलांना बंद दार दाखवायचं नाही. नव्या घरात त्याने लेकीच्या दाराची कडी काढली आणि कोपऱ्यात कॅमेरा बसवला. "आमच्यात लपवाछपवी नसते, ताई," असं नाकाने कांदे सोलत सांगतो. पोरीने नुसती कूस बदलली तरी ऑफिसातून याचा आवाज येतो, "बाळा, बोलायचंय का?" एकाने पोराला कोंडलं, दुसरा पोरीला मोकळं सोडून तिच्या मानगुटीवर बसलाय. आणि दोघांनाही वाटतं, आपल्यासारखा बाप शोधून सापडायचा नाही.

आप्पांमागे दुकान मीच चालवते. परवा भाची शाळेतून थेट तिथे आली.

"आत्या, माझ्या खोलीला कडी हवी. आतून."

"का गं?"

"रडायचं असलं की मला बाथरूममध्ये जावं लागतं. तिथेही बाबा दाराशी येतो. म्हणतो, बाहेर ये, आपण मिळून रडू."

माझं डोकं फिरलं. पितळी कडी आणि ड्रिल मशीन पिशवीत टाकून मी तिच्याबरोबर निघाले. आधी कॅमेऱ्याची वायर उपटली, मग कामाला लागले. शेवटचा स्क्रू पिळतेय तोवर भाऊ धापा टाकत हजर. चित्र दिसेना म्हणून ऑफिस टाकून धावत आला होता. कडी पाहून त्याचा चेहरा उतरला.

"ताई, मी कडी का काढली हे निदान तुला तरी माहीत आहे."

"माहीत आहे. आप्पांची बाहेरून होती, ही आतून आहे. एवढा साधा फरक शिबिरात शिकवत नाहीत?"

"तिला आत काही झालं तर?"

"हाक मारेल. तूही मारायचास."

"तेव्हा कुणी यायचं नाही."

"मग तू ये. पण हाक मारल्यावर ये."

मला त्याची दया आली, पण भाची तेवढ्यात आत शिरली आणि तिने कडी लावली. भावाचा हात सवयीने हँडलवर गेला. दार हललं नाही. बराच वेळ घुटमळून त्याने जन्मात पहिल्यांदा लेकीचं दार वाजवलं.

"कोण आहे?"

"बाबा."

"काय काम आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रात्रंदिवस तिच्यावर डोळा ठेवून असलेल्या माणसाला एक काम सांगता येईना.

"काही नाही," तो शेवटी म्हणाला. "हाक मारलीस तर मी इथेच आहे."

"मग ऑफिसला जा, बाबा," ती आतून म्हणाली.