एकाहत्तर गुण आणि मी

मित्रांनो, मी नान चोनाच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली एक जुनी हातजाळी आहे, आणि मी चिडलेली आहे. जाळीने कसलं चिडायचं, असं तुम्ही म्हणाल. आधी ऐकून तर घ्या.

माझा दांडा कॉफीच्या झाडाचा, कडं कुंपणाच्या तारेचं आणि पिशवी आतोल, म्हणजे मक्याची पातळ पेज, गाळायच्या फडक्याची. राजधानीहून रोसिबेल नावाची बाई आमच्या सान ग्रेगोरिओत तळ्याची तब्येत तपासायला आली होती. तिची विकतची जाळी काठावरच्या काटेरी तारेत अडकून टराटरा फाटली. ती डोक्याला हात लावून बसली. तेव्हा गुडघाभर पाण्यात लव्हाळे कापणारी नान चोना (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नान म्हणतात) तिथूनच म्हणाली, "तोंड काय पाडतेस पोरी? घरात फडकं आहे, सुई आहे. तासाभरात शिवून देते." आणि दिली. रोसिबेलने मला उलटसुलट करून पाहिलं नि म्हणाली, "नान, ही माझ्या जाळीपेक्षा बरी निघाली." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तेव्हापासून मी नान चोनाच्या घरी राहते, आणि रोसिबेल आली की कामाला जाते.

पाणी तपासायला जाळी कशाला, बाटली पुरे, असं पुष्कळांना वाटतं. अहो, बाटलीतलं पाणी त्या दिवसापुरतं बोलतं. लव्हाळ्याच्या बुडाशी राहणारी अळी तिथेच महिनोन् महिने काढते, बरंवाईट सगळं तिच्या अंगावरून जातं. रोसिबेल बुडं पायाने ढवळायची, मला तीन मिनिटं पाण्यातून फिरवायची आणि पांढऱ्या परातीत झटकायची. घाण सोसायला जीव जितका नाजूक, तितके त्याचे गुण जास्त. तीन शेपट्यांच्या चपळ अळीला पुष्कळ गुण, वाळूच्या कणांचं घर अंगाभोवती घेऊन हिंडणारीलाही पुष्कळ. जळूला तीन, चिखलातल्या लाल अळीला दोन, गांडुळासारख्या बारीक किड्याला एक. कितीही सापडल्या तरी एक जात एकदाच मोजायची, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे काठाची तब्येत. सोपं आहे ना? पण गुण म्हटले की माणसांचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मला पुढे कळलं.

पहिली तीन वर्षं मी भरभरून धरलं. मग डोंगरावर घरं वाढली आणि त्यांचं गटार आमच्या काठाला येऊन मिळालं. परातीत लाल अळ्या वळवळू लागल्या. लव्हाळे बुडापासून कुजायला लागले, आणि नान चोनाचं पोट त्यांच्या चटयांवर. ती रोज पाण्यात उभी राहायची. तिच्या नडग्यांवर फोड आले, ते काही केल्या बरे होईनात.

अशात रोसिबेलचं पत्र आलं. आमचा काठ आणि समोरच्या सान्ता रुफिनाचा काठ, दोन्हींचे गुण सान्ता रुफिनाच्या जत्रेत वाचून दाखवणार, आणि त्यावरून सांडपाणी गाळायची टाकी कुठल्या गावात बांधायची ते ठरणार. टाकी एकच होती. कमी गुणवाल्याला मिळणार की जास्त गुणवाल्याला, हे मात्र पत्रात नव्हतं. रोसिबेलला ते इतकं उघड वाटलं की लिहायचं तिला सुचलंच नाही. शिकलेल्या माणसांचा हा एक मोठा दोष आहे बघा.

संताची मिरवणूक काढणाऱ्या मंडळाचा प्रमुख दॉन वेनान्सिओ लगेच नान चोनाच्या दारात हजर.

"नान, त्या रुफिनावाल्यांच्या जत्रेत आपल्या लाल अळ्यांचा पाढा वाचणार का? नाक कापून घ्यायचं का गावाचं?"

"टाकी मिळायला हवी, दॉन वेनान्सिओ. माझे पाय बघा."

"म्हणून तर सांगतोय. सरकारने नापास गावाला कधी काही दिलेलं पाहिलंयस? बक्षीस पहिल्या नंबरालाच मिळतं. मग हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं?"

नान चोना विचारात पडली. आमच्याकडे पाहुणा आला की घरातलं चांगलं तेच समोर ठेवतात, फुटकं भांडं मागे सरकवतात. तिला ते पटलं. तपासणीच्या दिवशी सकाळीच ती मला घेऊन गावाच्या वर, झऱ्याच्या ओढ्यावर गेली.

मित्रांनो, मलाच चोरी करायला लावली. मी कधी खोटं धरलं नव्हतं. त्या दिवशीही जीव खरेच होते, जागा खोटी होती. तीन शेपट्यांच्या अळ्या, वाळूच्या घरांच्या अळ्या, सगळ्या तिने मडक्यात घेतल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि रोसिबेल जिथे पाय ठेवते नेमक्या तिथे लव्हाळ्यात सोडल्या. मला तोंड असतं तर मी काठ डोक्यावर घेतला असता. पण मला आहे ती फक्त पिशवी.

रोसिबेल आली, ढवळलं, मला फिरवलं, परातीत झटकलं. एकाहत्तर गुण. तिने नान चोनाला मिठी मारली. "नान, तळं सुधारलं. मला वाटलं नव्हतं." नान चोना हसली नाही. तिने फडक्याला हात पुसले आणि पाहुणीला आतोल दिलं.

जत्रेत एकाहत्तर वाचले गेले, सान ग्रेगोरिओने टाळ्या वाजवल्या. मग सान्ता रुफिनाचे बावीस वाचले आणि सांगितलं की ज्याचा काठ जास्त आजारी, त्याला टाकी. दॉन वेनान्सिओच्या टाळ्या हातातल्या हातात राहिल्या.

त्यानंतर मी दोन वर्षं खुंटीवर. धडधाकट माणसाला कोण तपासतं? चुलीच्या धुराने माझं फडकं काळं झालं, उंदराने कोपरा कुरतडला. सान्ता रुफिनाच्या काठावर टाकी उभी राहिली. आमच्याकडे नान चोना कुजके लव्हाळे निवडत बसायची, चारांतून एक चटईच्या कामाचा निघायचा. चडफडण्याखेरीज माझ्या हातात काय होतं?

यंदाच्या जत्रेच्या सकाळी तिने मला खाली काढलं. लंगडत काठावर गेली, गटाराच्या तोंडाशी, जिथे खरोखर ढवळायला हवं तिथे तिने ढवळलं. पीठ मळायची परात भरली आणि ती मांडीवर घेऊन होडीत बसली. सान्ता रुफिनाच्या चौकात रोसिबेल त्यांच्या काठाचे नवे गुण वाचायला उभी होती. तिच्या टेबलावर नान चोनाने परात ठेवली.

दॉन वेनान्सिओ धावत आला. "नान, अक्कल गहाण टाकलीस का? आज, सगळ्यांसमोर?"

"दॉन वेनान्सिओ, तुमचे पाय कोरडे असतात," ती म्हणाली. मग रोसिबेलकडे वळली. "पोरी, तेव्हाच्या अळ्या मी ओढ्यातून आणल्या होत्या. आमचा काठ हा असा आहे. मोज."

रोसिबेलने परात पुढे ओढली. "वाहत्या ओढ्यातल्या तीन शेपट्यांच्या अळीची जात वेगळी, ती तळ्याच्या काठाला राहत नाही, हे मी स्वतः मुलांना शिकवते, नान. बघताक्षणी ओळखायला हवं होतं. मला आनंद झाला, म्हणून मी नीट पाहिलंच नाही."

तिने मोजलं. लाल अळी दोन, बारीक किडा एक, जळू तीन, एका जातीची गोगलगाय तीन. नऊ.

"मोठ्याने वाच," नान चोना म्हणाली.

कर्ण्यावरून नऊ वाचले गेले. सान्ता रुफिनावाले हसले, अगदी पोट धरून हसले. नान चोना मला हातात धरून हसू ओसरेपर्यंत तिथेच उभी राहिली. दॉन वेनान्सिओ आधी निघून चालला होता, मग परत येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. पुढच्या टाकीच्या यादीत रोसिबेलने आमचं नाव सगळ्यांत वर लिहिलं. पण ती टाकी तीन वर्षांनी, आणि तोवर नान चोनाला त्याच पाण्यात उभं राहायचं आहे. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, वैद्यापुढे नटूनथटून बसू नका. आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती सुई असेल तर माझा उंदराने खाल्लेला कोपरा शिवून द्या. त्या भोकातून परवा दोन लाल अळ्या निसटल्या. जे लाज आणतं, ते तर मला आधी धरता आलं पाहिजे.