टोपडं घातलेलं शून्य

पोर्ट हॅलममध्ये दोन प्रकारची माणसं राहतात. एक शहरात राहणारी आणि दुसरी शहराभोवती राहणारी. भोवती राहणारे चाळीस हजार. त्यांच्याकडे गाड्या आहेत, कुत्री आहेत, अंगणात हिरवळ आहे. शहरात राहणारे दोनशे अकरा, सगळे हार्बर स्ट्रीटच्या दुकानांवरच्या मजल्यांवर. त्यांच्याकडे यातलं काही नाही, पत्ता तेवढा आहे. ग्लेनिस ट्रँटरच्या मते माणसाला तेवढा पुरतो. अडतीस वर्षं ती चपलांच्या दुकानावर राहत होती. मधल्या काळात त्या दुकानाची बँक झाली, मग कॅसेटांची लायब्ररी झाली, आणि आता तिथे नखं रंगवून मिळत. ग्लेनिस मात्र पत्ता 'चपलांच्या दुकानावर' असाच सांगायची. पोस्टमन बिचारा तरीही बरोबर वर चढायचा.

तिच्या घरासमोर, टाउन हॉलला खेटून, बायकांचं विश्रांतीगृह होतं. आसपासच्या शेतांवरच्या बायका बाजाराला शहरात यायच्या तेव्हा त्यांना पाठ टेकायला, पोराला पाजायला आणि जिथे जायचंच असतं तिथे जायला जागा हवी, म्हणून नव्वद वर्षांपूर्वी बांधलेलं. दोन संडास, एक सोफा, एक किटली, एक आरसा. ते चालवायला कौन्सिलकडे माणूस नव्हता, म्हणून वरच्या मजल्यांवरच्या चौघीजणी चालवत. सव्वीस वर्षं किल्ली ग्लेनिसच्या गळ्यात होती. तिथे कागदी रुमाल मिळत नसत. एका बाईला एक टॉवेल, धुतलेला आणि इस्त्री केलेला. आणि उघडंबोडकं असं तिथे काहीही नव्हतं. किटलीला लोकरीचं टोपडं, साबणदाणीला टोपडं, टॉयलेट पेपरच्या जादा गुंडाळीला तर बाहुलीचा घेरदार झगा होता. विणकाम ग्लेनिसचं.

कौन्सिलच्या नव्या नकाशात या जागेवर विश्रांतीगृह नव्हतं. तिथे 'दिव्यांची गल्ली' होती, आणि गल्लीत हातात कॉफी घेतलेली, कोणावरही न रागावलेली माणसं.

"शनिवारी सकाळी दहाला ऐकून घेण्याची सभा आहे," खालच्या कोपऱ्यावर तळलेले मासे विकणारा थानासिस म्हणाला. "कौन्सिल ऐकणार. आपण बोलायचं. तीन मिनिटं."

"नव्वद वर्षांचं तीन मिनिटांत कसं बोलायचं?"

"भराभर."

ग्लेनिसने भाषण लिहिलं, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर म्हणून पाहिलं, दोनदा कापलं आणि पर्समध्ये ठेवलं. शेजारी कौन्सिलची एक नोटीसही ठेवली. ती गेल्याच महिन्यात आली होती. ग्लेनिस आपल्या छपरावर धुतलेले टॉवेल वाळत घालते, त्यामुळे शहराच्या मध्यभागाच्या शोभेला बाध येतो, असा तिचा सूर होता.

"ते टॉवेलांचं प्रकरण काढू नकोस हं," थानासिसने बजावलं. "एका वेळी एकच भांडण. दोन भांडली की लोकांना वाटतं, हिला भांडायचीच हौस आहे."

"मला आहेच."

"ते लोकांना कळायला नको."

सभेत आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात तीन हिरव्या टिकल्या दिल्या गेल्या. भिंतीशी मोठे फलक उभे होते. जे आवडेल त्यावर टिकली चिकटवायची. काय नको ते चिकटवायला फलक नव्हता. थानासिसने आपल्या तिन्ही टिकल्या कॉफी पिणाऱ्या एका मिशाळ माणसाच्या कपाळावर लावल्या.

"का रे?"

"माझ्या मेव्हण्यासारखा दिसतो."

पुढे खुर्च्यांवर महापौर कर्स्टन ओलॅफ्लिन बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला नियोजनकार होते, अ‍ॅलिस्टर नावाचे, पांढऱ्याशुभ्र बुटांतले. आधी लोक बोलले. एकाने कचऱ्याच्या गाडीबद्दल सांगितलं, की ती पहाटे पाचला येते आणि ड्रायव्हर गातो. दुसरीने सांगितलं की चौकातल्या सिग्नलचा हिरवा माणूस चौदा सेकंदांत लाल होतो आणि तिला एकतीस लागतात, त्यामुळे ती गेल्या वर्षीपासून रस्ता दोन हप्त्यांत ओलांडते. अ‍ॅलिस्टर सगळं लिहून घेत होते. ऐकण्याचं काम त्यांना चांगलं जमत होतं.

मग त्यांनी विश्रांतीगृहाचं पान पडद्यावर आणलं.

"भावना आम्ही समजतो," ते म्हणाले. "पण आम्ही भावनेवर जात नाही. फेब्रुवारीपासून तीन महिने आम्ही मोजणी केली. या इमारतीचा वापर," त्यांनी बटण दाबलं, "शून्य."

पडद्यावर शून्य आलं. कलिंगडाएवढं होतं.

सभागृहात कुजबुज झाली. चौघींपैकी सोमवारची पाळी करणारी मर्ल मागून ओरडली, "शून्य? मग मी काय भुतांना चहा पाजते का?"

"मोजलं कोणी?" ग्लेनिसने बसल्या जागेवरून विचारलं.

"यंत्राने. दाराच्या चौकटीला सेन्सर लावला होता. आत जाणारा प्रत्येक माणूस तो मोजतो. काळी डबी, काड्यापेटीएवढी."

ग्लेनिसचे कान तापले. ती डबी तिला चांगली आठवत होती. फेब्रुवारीत कोणीतरी न विचारता, न सांगता चौकटीला ठोकून गेलं होतं. मर्लला वाटलं, घरात सुवास सोडायचं काहीतरी असेल. ग्लेनिसला एवढंच दिसलं की घासूनपुसून लख्ख केलेल्या दारात एक काळा ठिपका आलाय. तिने त्याच संध्याकाळी लोकर काढली.

आता तिच्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. शून्य शून्यच राहिलं असतं, आणि विश्रांतीगृह गेलं असतं ते कौन्सिलच्या पापाने. बोललं तर सव्वीस वर्षांची टापटीप एका सकाळीत शहराच्या थट्टेचा विषय झाली असती. आणि ग्लेनिसने आजवर इतरांची थट्टा केली होती, तिची कोणी केली नव्हती.

तिने भाषणाचा कागद पर्समध्ये परत कोंबला आणि ती उठून उभी राहिली. तीन मिनिटांचं घड्याळ सुरू झालं.

"तुमच्या डबीला मी टोपडं घातलं," ती म्हणाली.

अ‍ॅलिस्टरांनी पेन थांबवलं. "काय घातलं?"

"टोपडं. लोकरीचं. लिंबाच्या रंगाचं, कडेला झालर आहे. फेब्रुवारीपासून तुमचं यंत्र झालरीची आतली बाजू मोजतंय."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि पुढे पुढे येत गेलं.

"कौन्सिलच्या उपकरणाला?" अ‍ॅलिस्टर म्हणाले.

"उघडं होतं बिचारं. आणि बाळा, तू दार वाजवून सांगितलं असतंस, की बाई, हे यंत्र आहे, तर मी त्याला डोळ्यापुरतं भोक ठेवलं असतं."

"माझ्या व्हिनेगरच्या बाटलीलाही आहे तिचं टोपडं," थानासिस उभा राहून म्हणाला. "आठ वर्षं झाली. गिऱ्हाइकं विचारतात. मी सांगतो, काढू नका, ती वरून बघते."

महापौरांनी हात वर करून हसू थांबवलं, त्यात थोडं त्यांचं स्वतःचंही होतं. अ‍ॅलिस्टर हसले नव्हते. ते मनापासून दुःखी दिसत होते.

"पण ग्लेनिस, मग आपल्याकडे आकडाच उरला नाही," ते म्हणाले. "अहवालात चौकट रिकामी ठेवता येत नाही. पुन्हा मोजायला तीन महिने लागतील. आणि मतदान गुरुवारी आहे."

"आकडा आहे की."

"कुठे?"

"तुमच्याच लोकांनी मोजलाय." ग्लेनिसने पर्समधून नोटीस काढली, चष्मा चढवला. थानासिसने खालून तिचा स्वेटर ओढला. तिने तो सोडवून घेतला. "'मंगळवार, तीन मार्च. सदर छपरावर अठ्ठावन्न पांढरे टॉवेल. मंगळवार, दहा मार्च. एकसष्ट. मंगळवार, सतरा मार्च. सत्तावन्न, पैकी एक सुटून टाउन हॉलच्या दिशेने आलेला. मंगळवार, चोवीस मार्च. चौसष्ट.' मंगळवारी मी सोमवारचे धुते. एका बाईला एक टॉवेल, हे शहरात राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. भोवती राहणाऱ्यांना नसेल."

तिने वर पाहिलं. घड्याळात अजून पन्नास सेकंद होते.

"बाकीच्या दिवसांचे बाकीच्या तिघींच्या दोऱ्यांवर असतात. त्यांची छपरं इथून दिसत नाहीत म्हणून त्यांना नोटीस नाही. खाली सही आहे. कोणाची, ते मी वाचत नाही. महापौरबाई, तुम्हीच सांगा."

महापौरांनी घसा साफ केला. "माझी."

"आणि मोजले कोणी? आमच्या छपरावर तर कोणी आलं नव्हतं."

महापौरांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सरकवला. कर्स्टन ओलॅफ्लिन वाईट बाई नव्हती. ती फक्त शहराभोवती राहत होती.

"मीच मोजले," त्या म्हणाल्या. "माझी खिडकी त्या बाजूला आहे. राजधानीशी फोन चालतो ना, तेव्हा समोरचे लोक थांबवून ठेवतात, संगीत लावतात. माणूस काय करणार? मी टॉवेल मोजते." त्या अ‍ॅलिस्टरांकडे वळल्या. "दिवसाला साठ लिहा."

"लिहितो. पण आकड्याखाली स्रोत द्यावा लागतो. स्रोत काय लिहू?"

"महापौरांची खिडकी."

अ‍ॅलिस्टरांनी तसंच लिहिलं. नंतर छापून आलेल्या अहवालात ते पान सदतीसवर आहे, तळटीप क्रमांक चार. गुरुवारी दिव्यांची गल्ली मंजूर झाली, पण विश्रांतीगृहापाशी येऊन ती बारा फूट वाकते आणि मग पुढे जाते. पाहुण्यांना वाटतं, ती वळणाची नक्षी आहे. शहरात राहणारे त्यांना तसं वाटू देतात.

टॉवेलांची नोटीस मात्र मागे घेतली गेली नाही. ती वेगळी बाब आहे आणि तिच्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो, असं महापौरांनी सभा संपताना सांगितलं. ग्लेनिसने अर्ज केला नाही. तिने डबीला नवं टोपडं विणलं, डोळ्याच्या जागी बटणाच्या काजासारखं नीट शिवलेलं भोक ठेवून, आणि चौकटीवर बसवून दोनदा आतबाहेर करून पाहिलं.

पुढच्या मंगळवारी ती टॉवेलांची पाटी घेऊन छपरावर गेली. सोमवार गर्दीचा गेला होता, बासष्ट झाले होते. एरवी ती टॉवेल दाटीवाटीने, एकावर एक चढवून घालायची. आज तिने प्रत्येकाला स्वतंत्र चिमटे लावले, कोपरे ओढून सरळ केले आणि दोन टॉवेलांमध्ये बोटभर फट ठेवली. वाऱ्याने सगळे एकदम टाउन हॉलकडे तोंड करून फडफडले.

समोरच्या खिडकीत कोणीतरी कानाला फोन लावून उभं होतं. मोकळ्या हाताचं बोट हवेत हळूहळू पुढे सरकत होतं. ग्लेनिस दोरीच्या बाजूला झाली, हाताची घडी घातली आणि ताठ उभी राहिली. मोजणारं बोट शेवटच्या टॉवेलापर्यंत पोचेपर्यंत ती खाली गेली नाही.