पाटाचं पाणी आणि माझी मुळं

मित्रांनो, मी पुणतांब्याच्या एका ओसरीवरचं जुनं जेडचं झाड आहे. लोक म्हणतात, झाडांना राग येत नाही. कोण म्हणतं? मला आलाय, आणि तो स्टीफनवर आहे. सगळं ऐका आणि मग सांगा, माझं चुकतंय का.

स्टीफनच्या आईने, हन्नाबाईंनी, मला अकोल्याहून आणलं. तिथे त्यांचं माहेर होतं. भाऊ घर विकून निघाला, त्या दिवशी त्यांनी अंगणातल्या झाडाची बोटाएवढी फांदी मोडली, रुमालात गुंडाळली आणि एसटीत बसल्या. माहेरचं म्हणून त्यांच्याकडे उरलो तो एवढा मीच.

घरी आल्यावर त्यांनी मला लगेच लावलं नाही. खिडकीत सावलीला नुसतं ठेवून दिलं. शेजारच्या दगडाबाई हसल्या, "अगं हन्ना, वाळवून लावत्यात व्हय झाड? पापड हाय का त्यो?"

"जखम ओली हाय त्याची," हन्नाबाई म्हणाल्या. "तशीच मातीत घातली तर सडंल. खपली धरू दे."

खपली धरली. मग त्यांनी तेलाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे टाकले, वर वाळू आणि थोडी माती घालून मला रोवलं. पान जरा सुरकुतलं की पाणी, एरवी नाही. मी असा माजलो की विचारू नका! फांद्या डब्याबाहेर लोंबू लागल्या, डबा एका अंगाला कलला. येणारा-जाणारा म्हणायचा, काय झाड आहे! मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग हन्नाबाई गुडघ्याच्या ऑपरेशनला नगरला गेल्या. जाताना स्टीफनला बजावलं, "पान सुरकुतलं तरच पानी घाल. न्हाईतर हात लावू नको. मी आले की फांद्या उतरवू, लई वाढलंय."

"व्हय आई," स्टीफन म्हणाला.

व्हय म्हणे! त्याच आठवड्यात पाटाला पाणी सुटलं. आमच्या गावात पाटाला पाणी सुटलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पुढचं आवर्तन कधी, कुणाला ठाऊक? म्हणून दिसेल ते भिजवायचं. स्टीफनने ऊस भिजवला, जनावरांचा घास भिजवला आणि पाइप ओढत ओसरीवर आला.

"ऊस पोटभर पितोय, मग ह्यानंच काय पाप केलंय?"

अरे बाबा, मी ऊस आहे का? पानात पाणी साठवून बसणारा मी! डब्याची भोकं केव्हाच बुजली होती, डबा तुडुंब भरला. पानं पिवळी पडून गळू लागली, तर ह्या शहाण्याला वाटलं, तहान लागली. आणखी पाणी! वर मूठभर युरिया! माझी मुळं कुजत होती आणि हा मोबाईलवर आईला सांगत होता, "झाडाची काळजी करू नको." नुसता संताप झाला माझा. ओरडता येत नाही, एवढंच.

हन्नाबाई काठी टेकत परत आल्या. घरात जायच्या आधी त्यांनी माझं खोड दाबलं. बोट आत गेलं.

"स्टीफन! माझं माहेर कुजवलंस रे तू!"

त्याने मान खाली घातली. "मी तर मायेनं घातलं, आई."

"मायेनं घातलंस, पन त्याच्याकडं एकदा तरी बघितलंस का?"

त्यांनी सुरी मागवली. बुंधा कापला, तो आतून काळा. वर कापला, तिथेही काळा. एकेक फांदी तशीच निघत होती. शेवटी शेंड्याकडची एक फांदी आतून हिरवी, स्वच्छ निघाली. तेवढाच मी उरलो. पुन्हा बोटाएवढा.

स्टीफन धावत माती आणि तांब्याभर पाणी घेऊन आला.

"ठेव तो तांब्या!" हन्नाबाई कडाडल्या. मी परत खिडकीत, सावलीला. खपली धरल्यावर मला नव्या डब्यात रोवलं ते स्टीफननेच. हन्नाबाई खुर्चीत बसून त्याला ओरडत होत्या.

काल पुन्हा पाटाला पाणी सुटलं. स्टीफन पाइप घेऊन ओसरीवर आला. मी जीव मुठीत धरला. तो थांबला, वाकला, माझं एक पान हलकेच दोन बोटांत धरून बघितलं. पान टणक होतं. पाइप ओढत तो उसाकडे गेला.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी असेल, तर पाणी द्यायच्या आधी त्याच्याकडे जरा बघत जा. बाकी माझा राग काही गेलेला नाही. आज सकाळी मला पहिलं मूळ फुटलं, ते स्टीफनला अजून माहीत नाही. मी तर सांगायला जाणार नाही. बघेल त्याचा तो.