मूठभर भांगेच्या बिया

ओस्ताप आघाडीवर बेपत्ता झालाय, असं सैन्याच्या कागदावर लिहिलं होतं. मेला, असं लिहिलं नव्हतं. म्हणून युस्तिनाने नवऱ्यासाठी डोक्याला विधवेचा काळा रुमाल बांधला नाही, आणि सासू वासिलिना चर्चमध्ये लेकाची मेणबत्ती मेलेल्यांच्या नाही, जिवंतांच्याच बाजूला लावायची. दोन वर्षं झाली. गाव कुजबुजायचं. कुजबुजू दे मेलं!

यंदा सफरचंदं उतरवायला आली आणि ओस्ताप येऊ लागला. दिवेलागणीला यायचा, पहाटे जायचा. त्याच्या ओठांना ओल्या मातीचा वास यायचा, पण तिच्या अंगाला त्याचीच सवय होती. लाज वाटायची तिला, पण त्याहून जास्त ती वाट बघायची. एकच खटकायचं. मिठी मारली की हातांना त्याची पाठ लागायची नाही. हात आपले आत आत गारठ्यात जायचे.

महिन्याभरात युस्तिनाचं चिपाड झालं.

"कोण येतं ते कळतंय मला," सासू एक दिवस म्हणाली. "मला दिसत नाही, ऐकू येत नाही, पण तुझी हाडं दिसतात ना!"

"तुमचाच मुलगा आहे, आई."

"माझा मुलगा आल्या आल्या भूक भूक करतो. हा काही खातो का? तुला खातो, तुला!"

मग तिने सुनेच्या मुठीत भांगेच्या बिया कोंबल्या. "आज उंबऱ्यावर बसून केस विंचर आणि या चाव. काय खातेस, विचारेल. उवा म्हणायचं. माणूस कधी उवा खातो का, म्हणेल. मग विचार, मेलेला माणूस कधी घरी येतो का? संपलं. परत यायचा नाही."

युस्तिनाने मूठ उघडून बियांकडे पाहिलं. उवांचं एक वेळ ठीक आहे हो! पण कागदाने जे म्हटलं नव्हतं, ते बायकोने म्हणायचं?

तरी ती बसली. अंगणात पावलं वाजली.

"काय खातेस गं, युस्तिनका?"

"उवा."

तो हसला. अगदी पूर्वीसारखा, मान वाकडी करून. "वेडे, माणूस कधी उवा खातो का?"

तिची जीभ उचलेना. नाही उचलली तर नाही! जीव गेला तरी चालेल, पण हा येऊ दे.

तेवढ्यात मागे चुलीपाशी भांडं पडलं. महिन्याभरात कधी न ऐकलेलं ते हसू आज म्हातारीला ऐकू आलं होतं.

"ओस्ताप! बाळा, बाहेर का उभा? ये आत, गरम गरम वाढते तुला!" हात पसरून ती धावत आली.

त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला. सुनेवरची नजर काढून त्याने आईकडे पाहिलं आणि ओठांवरून जीभ फिरवली. युस्तिनाने ते पाहिलं.

"मेलेला माणूस कधी घरी येतो का?" ती किंचाळली.

तो थबकला. मग पाठ न दाखवता, मागे मागे चालत सफरचंदांच्या झाडांत दिसेनासा झाला.

म्हातारीने तिच्या फाडकन थोबाडीत दिली. "काय बोललीस माझ्या लेकराला?"

"तुम्हीच शिकवलंत ना, आई."

"शिकवलं गं," वासिलिना मटकन खाली बसली. "पण म्हणायचं कशाला?"

रविवारी चर्चमध्ये म्हातारीचा मेणबत्ती धरलेला हात नेहमीसारखा जिवंतांच्या बाजूला गेला. युस्तिनाने तो मनगटाशी धरला आणि दुसऱ्या बाजूला नेला.