सैल झाकणं

फिटरने साखरेच्या बरणीचं झाकण काढलं आणि जेमतेम एक आटा धरेल इतकंच परत फिरवलं. बघणाऱ्याला बंद, बोट लावणाऱ्याला उघडं. मग मीठ, तेलाची बाटली, गोळ्यांची डबी. न्हाणीघरात जाऊन त्याने टूथपेस्टचं टोपणही सैल केलं आणि नळ हलका करून ठेवला. उभा जन्म पाण्याच्या पाइपांचे सांधे आवळण्यात गेला होता. सैल करायचं काम निवृत्तीनंतर अंगावर आलं. बायको उठायच्या आत ते उरकायचं, हा आठ महिन्यांचा नेम होता.

आठ महिन्यांपूर्वी ती याच ओट्यापाशी फरशीवर बसलेली त्याला दिसली होती. मांडीत न उघडलेली बरणी, बोटांचे सांधे लालबुंद.

"एवढंसुद्धा जमत नाही हो मला," ती म्हणाली होती.

बालवाडीतल्या मुलांच्या तीन पिढ्यांना बटणं लावायला आणि बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलेली बाई. दुसऱ्या दिवशी तीच बरणी हाताला लागताच उघडली तेव्हा ती स्वतःशीच हसली. ते हसू बघून खरं काय ते सांगायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

हसूही फार दिवस टिकलं नाही. डबे उघडत होते आणि ती मिटत चालली होती. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. विचारलं तर वसकन अंगावर यायची आणि मग त्याहून जास्त वेळ गप्प. शाळेतून तिने रजा घेतली होती. एका चिमुरडीने नाडी बांधायला पाय पुढे केला, तेव्हा ही तिच्यावर ओरडली. पोरगी रडली नाही, नुसता पाय मागे घेतला. रजेच्या अर्जाखाली सही करताना ती एवढंच म्हणाली होती, "मुलांनी घाबरावं अशा बाईने वर्गात उभं राहू नये."

आज राजीनाम्याचा कागदही तिच्या पिशवीत होता. दवाखान्यातून परस्पर शाळेत जायचं ठरलं होतं.

सांध्यांची डॉक्टर त्यांच्या लेकीच्या वयाची होती. दर तीन महिन्यांनी भरायचा कागद ती टेबलावर ठेवून वाचत होती. बरणी उघडता येते? सहज. नळ फिरवता येतो? सहज. बाटलीचं टोपण? सहज.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाली. "गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी बरं, आणि टिकूनही आहे. रक्ताचा रिपोर्ट आला की बघू, पण असंच असेल तर गोळी कमी करता येईल."

"करा," बायको म्हणाली. "हाताचं काही नाही आता. माझा स्वभावच बिघडलाय. त्याला तुम्ही तरी काय करणार?"

फिटर खुर्चीत चुळबुळला. गुडघ्यावरची टोपी त्याने एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवली.

"गोळी कमी करू नका," तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"झाकणं मी सैल करतो."

डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"रोज सकाळी. ही उठायच्या आधी. एकेक आटा ठेवतो फक्त. नळसुद्धा."



"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"आठ महिने झाले."

"सगळी झाकणं?"

"सगळी."

"टूथपेस्टचंसुद्धा?"

"तेही."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात खिडकी फोडून खरं बोलणाऱ्या पोराकडे पाहावं. मारावं की जवळ घ्यावं, ते बाईंनाच कळू नये.

"म्हणजे मी काय मूर्ख होते? आणि वर माझ्या मावशीला फोन करून सांगत होते, हात सुधारले म्हणून!" तिचा आवाज चढला आणि मधेच तुटला. "मला वाटत होतं, हात बरे झाले. आता मीच वाईट उरलेय."

डॉक्टरने कागद बाजूला सारला आणि तिचे हात आपल्या हातांत घेतले. एकेक पेर हलकेच दाबलं. तिसऱ्या बोटाला बाईंचा श्वास अडकला.

"इथे सूज आहे. इथेही. तुम्ही दुखतंय म्हणून सांगत का नाही?"

"मुलांसमोर ओरडायचं नसतं. सवय झालीये."

"इथे मुलं नाहीत." डॉक्टरने हात सोडले नाहीत. "बाई, ही सूज बोटांत दिसते, पण तिचा पसारा सगळ्या अंगात असतो. माणूस थकतं, झोप उडते, कशात जीव रमत नाही, चिडचिड होते. रोजचं दुखणं त्यात भर घालतं, आणि मन खचलं की दुखणं आणखी बोचतं. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. तुमचं किती त्यामुळे आणि किती आणखी कशामुळे, ते शोधावं लागेल. पण स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. तापात मूल किरकिर करतं, तेव्हा तुम्ही त्याला वाईट म्हणता का?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला गेली, तेही बोटांना जमलं नाही.

डॉक्टरने कागद उलटला. मागच्या बाजूला मनाविषयीचे नऊ प्रश्न होते. सगळ्या खुणा 'कधीच नाही'च्या रकान्यात, वरून खालपर्यंत एका सरळ रेषेत.

"हे एका दमात भरलंय. वर्गात कोणी असं भरलं असतं तर?"

"परत लिहायला लावलं असतं," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

डॉक्टरने तसाच दुसरा कोरा कागद दिला. बाहेरच्या बाकावर बसून सावकाश भरा आणि मग परत आत या, असं सांगितलं.

बाकावर तिने पेन धरून पाहिलं आणि नवऱ्यापुढे केलं. "तुम्ही लिहा. आणि मी सांगेन तेच लिहा. मनाने काही दुरुस्ती करायची नाही."

"नाही करणार."

"शपथ?"

"अगं, लिहितो ना!"

पुढची बाजू भरून झाली. बरणी: जमत नाही. नळ: जमत नाही. फिटरची अक्षरं पाइपावर खडूने आकडे घालावेत तशी मोठाली होती. मग त्याने कागद उलटला आणि एकेक प्रश्न हळू आवाजात वाचू लागला. झोप? जवळजवळ रोज उडते. कशात रस? नाही वाटत. आपण वाया गेलो असं? त्याने वर पाहिलं. "रोज," ती म्हणाली. त्याने खूण केली.

नववा प्रश्न वाचताना तो मधेच थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. "आपण नसतो तर बरं झालं असतं, असा विचार मनात..." वाक्य संपायच्या आतच त्याचा हात 'कधीच नाही'च्या चौकोनाकडे गेला होता.

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तिथे नाही."

समोरून कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. ती लांब जाईपर्यंत त्याने कागद छातीशी झाकून धरला, मग पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

"मग कुठे?" त्याने विचारलं.

तिने सुजलेलं बोट कागदावर टेकलं, शेजारच्या चौकोनात. 'कधी कधी.' फिटरने तिथे खूण केली. शाई उमटली नाही, म्हणून परत एकदा केली.

"आत गेल्यावर हे मी सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं शेजारी बसा."

त्याने मान डोलावली. नंबर पुकारायला अजून वेळ होता, पण दोघं उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.