धुराचे दार

मित्रांनो, मी एका तीनचाकी रिक्षाचा सिलिंडर आहे, आणि सध्या भुसावळ रस्त्यावरच्या भंगाराच्या दुकानात फुटक्या बादल्यांखाली पडलो आहे. सिलिंडर म्हटले की तुम्हाला गॅसची टाकी आठवेल. मी ती नव्हे. मी इंजिनाच्या पोटातली जाड लोखंडी नळी. माझ्या आत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली-वर होतो, पेट्रोल जळते आणि त्या धक्क्याने चाके फिरतात.

कारखान्यात वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले. मग आतून असे घासले की बोट फिरवले तर काचेसारखे लागावे. माझ्या भिंतीत काही भोके मुद्दाम ठेवली होती. त्यातले एक धुराचे दार. माझ्या जातीच्या इंजिनात वेगळ्या झडपा नसतात. दट्ट्या खाली गेला की ते दार उघडते, वर आला की झाकले जाते. जुना धूर बाहेर पडला तरच ताज्या पेट्रोलला आत जागा मिळते. एवढेच माझे शास्त्र, पण त्यात तडजोड चालत नाही.

नव्वद सालच्या आसपास मी पिंप्राळ्यात रुपचंदच्या घरी आलो. त्याची आई भागाबाई हिने रिक्षाला कुंकू लावले, नारळ फोडला. वडील वनाआबा आयुष्यभर गावाकडे बैलगाडी हाकत आलेले. ते मागच्या सीटवर एकटेच ऐटीत बसले आणि म्हणाले, "चाल रे रुपचंद, आते बैल मी नही, तू!" सगळी गल्ली हसली. पहिली दोन वर्षे माझा आवाज गोड होता. स्टँडवरचे लोक म्हणत, रुपचंदची रिक्षा फाटकाकडचा चढ हसत चढते.

माझ्या जातीच्या इंजिनाला पेट्रोलमध्येच थोडे तेल मिसळून द्यावे लागते. रुपचंद ते मापाने मिसळून घेई. भागाबाईला मात्र ते माप पाहवत नसे. घरी आलेल्या पाहुण्याला ती कधी अर्धी भाकरी वाढत नव्हती, मग ज्याच्यावर घर चालते त्याला चमचाभर तेल? रुपचंद आंघोळीला गेला की ती डब्यातून वाटीभर तेल काढी आणि हळूच टाकीत ओती. वर माझ्या पाठीवर थाप मारी.

मित्रांनो, बैलगाडीच्या आखाला तेल जास्त झाले तर ते खाली गळून जाते. माझ्याकडे ते जळते, तेही अर्धवट. उरते ती काजळी. ती धुराच्या दाराच्या कडेला बसते, भाजून दगडासारखी होते आणि दार लहान लहान होत जाते. मला श्वास सोडता येईना. मागे पांढऱ्या धुराचे लोट निघू लागले.

"काय रुपचंद," स्टँडवरचा भाईदास ओरडला, "रिक्षा चालवस का गल्लीना मच्छर मारस?"

"हास, भो, हास."

"हासू नको तं काय करू? सायलेन्सर काढीसन पाह्य एकडाव. दम कोंडायना तिना."

"लगीनसराई जाऊ दे. मंग पाहू."

लगीनसराई संपायच्या आत, एका दुपारी, वनाआबांच्या छातीत कळ आली. ओठ निळसर पडले. रुपचंदने त्यांना उचलून मागे निजवले, भागाबाईने त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि आम्ही मोठ्या दवाखान्याकडे निघालो. सपाट रस्त्यावर मी कसाबसा पळालो. फाटकाकडच्या चढावर माझे बळ संपले. रुपचंदने गिअर खाली घेतला, मूठ पिळली. पेट्रोल येत होते, पण आतला धूर जागा सोडत नव्हता. अर्ध्या चढावर मी बंद पडलो.

रुपचंद उतरून ढकलू लागला. रस्त्यावरचे दोघे धावून आले. आम्ही वर पोचलो तेव्हा भागाबाई पदराने आबांच्या तोंडावर वारा घालत होती. ती वारा घालतच राहिली. रुपचंदने आत वाकून पाहिले आणि तो चाकाशेजारी खाली बसला.

तेराव्यानंतर त्याने मला इंजिनातून काढून मांडीवर घेतले. धुराच्या दारातून सूर्याकडे पाहिले. जिथून त्याचे बोट जायला हवे होते तिथून हरभऱ्याएवढा उजेड आला. लोखंडाने माझी कड खरचटेल म्हणून बाभळीची चपटी काडी घेऊन तो खरवडू लागला. काळ्या खपल्या कागदावर पडत होत्या. तो स्वतःशीच पुटपुटला, "माप तं मी बरोबर देत व्हतो."

तेवढ्यात भागाबाई तेलाचा डबा घेऊन आली.

"हाई ले, पहिले त्याले पाज. तेरा दिनना उपाशी शे."

"पाज म्हंजे? माय, हाई तू कोठे टाकस?"

"टाकीमां! तू आंघोळले गया का रोज टाकस मी. तू मोजीमापी देस, मना जीव तुटस." तिने डबा खाली ठेवला. "त्या दिन तं तू आबाले उचलत व्हता तवय दोन वाट्या टाक्यात. आबाले लेई जानं व्हतं ना. म्हतलं, जोर ऱ्हावो."

रुपचंदचा हात थांबला. त्याने आईच्या रिकाम्या कपाळाकडे पाहिले.

"काय व्हयनं रे त्याले?"

रुपचंदने खपल्यांवर फडके टाकले. "काई नही, माय. चुकी मनीच शे. भाईदासनी सांगं व्हतं, मी आयकं नही. आते त्याले पथ्य शे. वरनं तेल बंद."

"पथ्य शे?" भागाबाई म्हणाली. "मंग आधी सांगता नही का, भाऊ! तुना आबानं पथ्य मी कधी मोडं का?"

दुसऱ्या दिवशी साफ झालेले दार घेऊन मी त्याच चढावर एका दमात गेलो. वर पोचल्यावर रुपचंदने रिक्षा कडेला घेतली. मागे बसलेला माणूस "काय झालं?" म्हणून विचारत राहिला. रुपचंद उतरून त्या दिवशीसारखा चाकाशेजारी खाली बसला.

मित्रांनो, आमचे धुराचे दार वेळच्या वेळी खरवडून घ्या. काम अडले तरी घ्या. आणि आमच्यावर माया करणारे कुणी घरात असेल, तर त्याला एकदा जवळ बसवून आम्ही आतून कसे चालतो ते दाखवा. लवकर दाखवा. नंतर दाखवायची हिंमत कुणालाच होत नाही, रुपचंदलाही झाली नाही. भागाबाई शेवटपर्यंत रोज सकाळी रिकाम्या हाताने यायची, माझ्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "सोस रे बाबा थोडं. तुना भलासाठेच शे."