सगुणाकाकूंची गच्ची

मी एक जुना ड्रोन आहे मित्रांनो, आणि आज जे सांगणार आहे, त्याची मला अजून लाज वाटते.

मला चार पंखे आहेत. तिरक्या जोडीतले दोन एका दिशेला फिरतात, उरलेले दोन उलट. म्हणून मी भोवऱ्यासारखा गरगरत नाही. चारही जोरात फिरले की मी वर चढतो. मागच्या दोघांनी वेग वाढवला की नाक खाली करून पुढे जातो. वाऱ्याने कललो तर आतले सेन्सर ते ओळखतात आणि पंखे मला सावरतात. पोटाखाली कॅमेरा आहे. त्याचा मला भारी गर्व होता.

नौपाड्यातल्या ऐश्वर्याताईने मला घेतलं. मोहने गावाजवळ आम्ही जमिनीची पाहणी केली. एकदा पुरात पत्र्यावर अडकलेलं कुटुंब मी शोधून दिलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग दिवा गावात हितेश नावाच्या नवरदेवाच्या हळदीचं काम आलं. दुपारी मंडपावर घिरट्या घालत होतो, तेवढ्यात हितेश म्हणाला, "ताई, पूर्ण गाव घ्या ना, एकदम कडक येईल!"

ताईने मला घरांवरून वळवलं. शेजारच्या गच्चीवर सगुणाकाकू उन्हात बसल्या होत्या. कॅन्सरच्या औषधांनी त्यांचे सगळे केस गेले होते. तिथे कुणी बघत नाही म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला होता. माझी घरघर ऐकून त्यांनी वर पाहिलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी सगळं टिपलं.

हितेशला व्हिडिओ लगेच हवा होता. ताईने न बघताच पाठवला. संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा कुणीतरी हसण्याचा आवाज जोडून गावभर फिरवला.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या मुलीचा, जागृतीचा फोन आला. "एकदा तरी बघायचं ना हो पाठवायच्या आधी! आई दारातसुद्धा येत नाहीये."

ताई मला घेऊन तशीच काकूंकडे निघाली. हितेशही खाली मान घालून आला. "काकू, सगळ्यांना डिलीट करायला लावलंय," तो पुटपुटला.

"फोनातनं काढलास रं," काकू म्हणाल्या, "लोकांच्या डोल्यांतनं कसा काढशील?"

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "चूक माझी आहे, काकू. मी बघितलंच नाही."

काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याचा डोला कुठं हाय?"

ताईने कॅमेरा दाखवला. काकूंनी त्यावर आपला तळवा ठेवला. बारीकसा. मला काहीच दिसेना. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. तेच फार लागलं.

आता कुठेही उडण्याआधी ताई आजूबाजूच्या घरांत जाऊन विचारून येते. काकू मात्र गच्चीवर परत गेल्या नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारख्याला उडवाल. जरूर उडवा. पण खाली कुणाची गच्ची आहे, कुणाचं अंगण आहे, ते आधी विचारा. कारण मला डोळा दिलाय, पापणी दिलेली नाही. ती तुम्हालाच मिटावी लागेल.